हलका चाप

संघपाल वानखडे हा बडनेऱ्यातला माझा दुकानशेजारी. माझं झेरॉक्सचं, त्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं. हात हुशार, पण माणूस भिडस्त. कुणाला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. यावरून मी त्याला कितीदा झापलंय.

अकोला रोडवर गौरांगचं पेंटबॉलचं मैदान आहे. रंगाच्या गोळ्या मारणाऱ्या हवेच्या बंदुका, ड्रमांचे आडोसे, रविवारी कॉलेजची पोरं. एक दिवस तो बंदुका घेऊनच आला. "संघपालभाऊ, चाप फार जड आहे हो. पुण्यात इलेक्ट्रॉनिक असतो, नुसतं बोट लावलं की बरसात. नव्या परवडत नाहीत, याच तशा करून द्या ना."

त्याने करून दिल्या. चापामागे कॉम्प्युटरच्या माउसमध्ये असतं तसं बारीक बटण, मुठीत बॅटरी आणि सर्किट. अशा बटणाची पत्ती धक्क्यानेही थरथरते, म्हणून ती थरथर मोजू नकोस, क्षणभर थांब, असं सर्किटला सांगून ठेवावं लागतं. गौरांग "अजून फास्ट" म्हणत गेला, संघपाल ती थांबण्याची वेळ कमी करत गेला. मग शिकंज्यात धरून त्याने एकेक बंदूक शंभरदा चालवून पाहिली. टेबलावर नीट चाललं की वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती, ही त्याची वीस वर्षांची पद्धत. बंदूक आपटूनही पाहावी लागते, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. मिक्सर कोण आपटून पाहतो?

जानेवारीतल्या एका रविवारी खेळ संपल्याची शिटी झाली. शिटीनंतर नळीवर कापडी टोपी चढवायची असते. अकोल्याहून खेळायला आलेल्या आकांक्षा नावाच्या कॉलेजच्या पोरीने त्यासाठीच बंदूक सिमेंटच्या बाकावर टेकवली. ती जरा जोरात टेकली आणि गोळी सुटली. समोर मैदानाची साफसफाई करणारी मैनाबाई ड्रमावरचा रंग पुसत होती. मुखवटे फक्त गिऱ्हाइकांना मिळत. तिचा उजवा डोळा गेला.

"मी दाबलंच नाही," आकांक्षा रडून रडून सांगत होती. कुणाला खरं वाटणार?

दुसऱ्या दिवशी गौरांगने ती बंदूक तपासायला संघपालकडे पाठवली. त्याने ती गोळ्या न भरता टेबलावर तीनदा आपटली. चापाला बोट नसताना दोनदा फटकन सुटली. त्याने मला हाक मारली. "भाऊ, पोरगी खरं बोलून राहिली. हे माह्या हातचं आहे."

आणि मी काय म्हणालो? "गप बस. तुले कोणी विचारलं काय? लेकरं आहेत तुले." नाही म्हणता न येणाऱ्या माणसाला मी हे सांगितलं. त्याने ऐकलं. त्याची आजही मला लाज वाटते.

बारा दिवस तो धड जेवला नाही. तेराव्या दिवशी मला घेऊन मैनाबाईच्या घरी गेला. डोळ्यावर पट्टी बांधून ती ओट्यावर बसली होती. त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

तिने पट्टीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "ते पोरगी दोनदा आली होती. पाया पडली माह्या. मी तिले नाही नाही ते बोलली, दारातून हाकललं." तिचा आवाज चढला. "आता मले काहून सांगून राहिला? जाय, तिले सांग!"

त्याच दुपारी आम्ही अकोल्याला गेलो. आकांक्षाच्या आईने आम्हाला आत घेतलं. पोरगी येऊन दाराशीच उभी राहिली. कॉलेजात जाणं तिने बंद केलं होतं.

"बाई, तू दाबलं नव्हतं," संघपाल हात जोडून म्हणाला. "माह्या सर्किटची चूक होती. मी लिहून देतो, म्हणशीन तिथं येऊन सांगतो."

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "नाही काका. मीच दाबलं होतं. गौरांग सरले तसं लिहून दिलं, कॉलेजात लिहून दिलं, मैनामावशींलेही तेच सांगितलं. आधी मी खोटं बोलत होती."

"अवं नाही बाई, मी सोता आपटून पाहिली..."

तिने उजव्या हाताचं बोट त्याच्यापुढे धरलं. ते थरथरत होतं.

"मले आठवते ना काका. याच बोटानं दाबलं."