बरणीवरचा रुमाल

नाशिकहून येवल्याला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. पन्नाशीचा, सफारी घातलेला, डोक्याला चपचपीत तेल. लग्नाला निघाला होता, पण मांडीवर आहेराऐवजी प्लॅस्टिकची बरणी होती. आत बाभळीची खरखरीत काडी आणि तिला उलटी लटकलेली प्रार्थना कीटकाची हिरवी मादी. तिचं पोट टम्म फुगलं होतं.

"पाळलीय," तो म्हणाला. "दिवस भरलेत. घरी कुणी नाय, म्हणून संगं आणली. काडी हलली तर अंडी घालायची नाय ती."

म्हणून खड्डा आला की तो बरणी दोन्ही हातांनी अधांतरी उचलून धरायचा. चांदोरीच्या पुढे काडीवर पांढरा फेस दिसू लागला. त्याने घाईघाईने बरणीवर रुमाल टाकला आणि मागून डोकावणाऱ्यांना म्हणाला, "बाळंत होतीय. बघू नका."

सगळी गाडी हसली. त्याचे हात भरून आले होते. "जरा धरता का?" त्याने मला हळूच विचारलं. हा माझ्यासोबतचा आहे असं लोकांना वाटेल, म्हणून मी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि ऐकूच आलं नाही असं दाखवलं. येवल्यापर्यंत मी कांद्याची शेतं बघत राहिलो.

उतरताना त्याने रुमाल काढला. काडीवर अंड्यांचा फेस सुकून घट्ट बसला होता. "मोकळी झाली एकदाची," तो म्हणाला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सगळे टकामका बघत होते. तुम्ही तेवढं तोंड फिरवलं. चांगल्या घरचे दिसता."