कवळी घालायची कुणासाठी?

दातांच्या डॉक्टरकडे किस्से साठायचेच. पेशंट तोंड उघडून पडलेला, बोलायची सोय नाही. माझा हात बाहेर आला की आतलं सगळं एकदम बाहेर! त्यात इस्लामपुरातले माझे निम्मे पेशंट सत्तरीपुढचे. पोरं पुण्याला, घरात एकटे. मग काय, काम दहा मिनिटांचं आणि गप्पा तासभर!

*

शिराळ्याच्या हौसाआजींना मी झकास कवळी करून दिली. महिन्याने आल्या, तर कवळी पिशवीत!

"आजी, घालत का नाही?"

"आवं बाई, एकटीच्या घरात दात कुणाला दावू? भिंतीला?"

मी हसले खरी, पण हिरड्या बघितल्या आणि हसू गेलं. एकटीसाठी कोण रांधणार, म्हणून आजी चहा-बिस्किटांवर दिवस काढत होत्या. रागावलेच मी, चांगली!

*

अण्णा टेलर दर बाजारादिवशी हजर. "बाई, कवळी टोचतीया." तपासावं तर कुठं काही नाही! मी आपली उगीच मशीन घुर्र करून देते.

"आता बरं वाटतंय!" म्हणत अण्णा बाहेरच्या बाकावर बसतात आणि दुपारपर्यंत नव्या पेशंटांना सांगतात, "या बाईची कवळी लय टोचती!" तोंडात मात्र सारखे खारे शेंगदाणे!

*

सुभेदार तात्या पलटणीतून रिटायर झालेले. कवळी फक्त रविवारी घालायचे. का? "पोरगा व्हिडिओ कॉल करतो. युनिफॉर्म पूर्ण पायजे!"

बाकी सहा दिवस कवळी डबीत. काकू गेल्यापासून तात्या नुसता दूधभात गिळायचे. दर खेपेला पट्ट्याला नवं भोक! मला खरंच भीती वाटायला लागली, हा माणूस असाच झिजून जाणार. समजावलं, ओरडले. "व्हय, व्हय," म्हणायचे आणि जायचे.

शेवटी डोक्यात आलं, फौजी माणूस लेखी ऑर्डर मोडत नाही! चिठ्ठीवर लिहून दिलं: 'भाकरी. दात घालून. दिवसातून एकदा, कुणाबरोबर तरी.'

तात्यांनी चिठ्ठी घेतली आणि सवयीनं गेले थेट खालच्या मेडिकलमध्ये! दुपारचा एक वाजलेला. दुकानवाले जमीरभाई काउंटरमागे एकटेच डबा उघडून बसले होते. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, शटर अर्धं ओढलं आणि म्हणाले, "स्टॉक एकाच माणसापुरता हाय. पण बसा, भागवू."

महिन्याने तात्या आले. दात तोंडात, वजन दोन किलो वर! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तात्या मात्र तणतणत होते. चिठ्ठी टेबलावर आपटून म्हणाले,

"कोर्स किती दिवसांचा, ते लिवलंच न्हाई तुमी! जमीरभाई म्हणतोय, मधीच बंद करून चालत न्हाई!"