विल्माच्या वहीतली चढाई

वॉर्डेल कॉलेजच्या स्टेडियमखाली, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, एक बिनखिडकीची खोली आहे. विल्मा स्टुचलिक तिथे एकतीस वर्षं शिवणयंत्रावर बसत आली होती. शनिवारी सामन्यात फाटलेल्या जर्सी आणि पँटी रविवारी तिच्याकडे यायच्या आणि मंगळवारपर्यंत सांधून परत जायच्या. कुणाची कोपरं फाटली, कुणाचे गुडघे गवतानं हिरवे झाले, कुणाची जर्सी पाठीकडून ओढली गेली, यावरून कोण कसा खेळला हे तिला सामना न बघताही सांगता आलं असतं. पण विल्मा सामना बघायची. चौदाव्या रांगेत, मांडीवर वही घेऊन.

वहीची सवय माहेरची. चार भाऊ, चौघंही अमेरिकन फुटबॉलनं झपाटलेले, आणि हिला कुणी खेळायला घेईना. "तू लिहीत बस," थोरला म्हणाला होता, "कुठला डाव टाकला, किती यार्ड मिळाले, सगळं लिही." तिची भुणभुण थांबावी म्हणून तो बोलला, पण अकरा वर्षांच्या विल्मानं ते मनावर घेतलं. पुढे लग्न झालं, काही वर्षांनी नवरा फ्रँक गेला, मुलगी ओमाहाला राहायला गेली. वह्या चालूच राहिल्या. प्रत्येक डावाला एक ओळ. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, त्यातला हा कितवा, चेंडू घेऊन धावले की लांब फेकला, कुठल्या बाजूनं, हाती काय लागलं. नेब्रास्कातल्या त्या गावात शनिवारी घराला कुलूप लावून सगळेच स्टेडियमवर येत, आणि सामना झाला की सगळ्यांनाच मतं असत. लिहून ठेवणारी विल्मा एकटी.

त्या वर्षी चढाईचे डाव सांगायला नवा माणूस आला. अँटवान ब्रुसार. तेहतीस वर्षांचा, दलदलीच्या लुइझियानाचा, काळा, बोलायला मऊ. गावानं त्याला दोन सामने सांभाळून घेतलं. तिसऱ्या पराभवाला धीर संपला.

"पुन्हा मधूनच? अरे, भिंतीवर डोकं आपटून भिंत पडत नाही रे बाबा!"

"आता फेकणार बघ. मी इथे बसून सांगतो, तर समोरच्यांना कळणार नाही होय?"

"पाठवा याला परत, मगरी हाकायला!"

शेवटचं वाक्य गेलर्ड माइंट्सचं. त्याची गावात धान्याची कोठारं होती आणि कॉलेजच्या पाठीराख्यांच्या मंडळाचा तो म्होरक्या होता. मंडळ दर गुरुवारी सकाळी डोरीनच्या कॅफेत जमायचं. पाचांपैकी चौथा सामना हरल्यावरच्या गुरुवारी गेलर्डनं विल्माच्या टेबलाशी खुर्ची ओढली.

"विल्मा, तुझी वही दे. कॉलेजच्या अध्यक्षांपुढे ठेवतो. तुझ्या अक्षरात लिहिलेलं असलं की कुणाची टाप आहे नाही म्हणायची?"

"वहीत काय निघतंय ते अजून मीच नीट पाहिलं नाही."

"पाहायचंय काय त्यात? हरलो की!"

"हरलो ते फलकावर दिसलं. का हरलो ते बघायला मला आठवडा लागेल. पुढच्या गुरुवारी इथेच सांगते. जे असेल ते."

"आणि माणूस चांगला निघाला तर?" गेलर्ड डोळे मिचकावत म्हणाला. टेबलाभोवती हशा पिकला.

"तर तेही तुझ्या तोंडावर सांगेन. ते कोलाचे पाव सरकव इकडे, खसखस भरलेले."

खरं सांगायचं तर विल्मासुद्धा ब्रुसारवर चिडलेली होती. त्याच संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर वह्या पसरल्या, त्या त्याच्या चुका शोधायच्या म्हणूनच. पण ओळी जुळवताना तिचा हात संथ होत गेला. हा माणूस ठरावीक साच्यात खेळत नव्हता. पहिल्या प्रयत्नाला कधी धाव, कधी फेक. डावीकडे जितक्या वेळा, तितक्याच वेळा उजवीकडे. आधीचा कोच इतका सरळसोट होता की त्याचा पुढचा डाव तिनं विणकाम करता करता ओळखला असता. तरी त्याची चढाई बरी चालायची, आणि याची अडत होती.

मग तिला एक विचित्र गोष्ट दिसली. धावतोय असं दाखवून चेंडू फेकायचा, फेकतोय असं दाखवून धावायचं, अशा हुलकावण्या ब्रुसारनं पाच सामन्यांत चौतीस वेळा दिल्या होत्या. समोरचे फसले फक्त तीनदा. तीनदाच! जुन्या कोचच्या बावळट हुलकावण्यांनाही निम्मे लोक भुलायचे. विल्मानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. समोरच्यांना डाव आधीच कळत होता. कुणीतरी सांगत होतं.

पुढच्या शनिवारी तिनं एकतीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. चेंडूकडे बघितलंच नाही. दुर्बीण लावून तिनं नजर ठेवली समोरच्या बचावावर. मधोमध एक रुंद मानेचा खेळाडू उभा असायचा. डाव सुरू व्हायच्या आधी तो एकदा वॉर्डेलच्या फळीकडे बघायचा आणि मांडीवर थाप मारायचा. एक थाप पडली की धाव, दोन पडल्या की फेक. विल्मा पहिल्या चार थापांना चकित झाली, दहाव्या थापेला तिला घाम फुटला. मग तो नक्की कुठे बघतो ते तिनं धरलं. फळीच्या डाव्या टोकाला, बहात्तर नंबरकडे.

बहात्तर म्हणजे कोल्बी रेंट्स. शेवटच्या वर्षाचा, शेतकऱ्याचा मुलगा, दारातून आडवा होऊन आत येणारा. धावायचा डाव असला की तो हाताची बोटं मातीत रोवून पुढे झुकायचा. फेकीचा असला की डावा पाय वीतभर मागे ठेवायचा. प्रत्येक वेळी. आणि त्याचं कारण स्टेडियममध्ये फक्त विल्माला ठाऊक होतं. ऑगस्टमध्ये हाच मुलगा तिच्याकडे आला होता आणि उजव्या गुडघ्याची शिवण सैल करून आतून दुहेरी कापड लावून द्या म्हणाला होता. फेकीच्या डावात त्याला उजव्या पायानं रेटा देऊन झटकन मागे सरकावं लागतं. गुडघा रेटा देत नव्हता, म्हणून बिचारा पाय आधीच मागे नेऊन ठेवत होता.

तो सामनाही वॉर्डेल हरलं. रविवारी कोल्बी फाटकी जर्सी द्यायला आला, तेव्हा विल्मानं शिवणयंत्र थांबवलं.

"उजवा गुडघा किती दुखतो रे?"

"कुठला गुडघा, मिसेस एस?"

"ज्याची शिवण मी सैल केली तो. उगाच वेड पांघरू नकोस."

कोल्बी कपड्यांच्या पेटीवर बसला. पेटी कुरकुरली.

"सांगितलं तर बाहेर बसवतील. माझं शेवटचं वर्ष आहे. आईबाबा दीडशे मैल गाडी हाकत येतात मला बघायला."

"आणि येऊन काय ऐकतात? शिव्या. त्या शिव्या तुला पडतात का? मैदानाच्या कडेला तो माणूस उभा असतो ना, त्याला पडतात. त्याला तर आपण कशाच्या खातोय हेही माहीत नाही."

तिनं मग पायाचं सगळं समजावून सांगितलं. ऐकताना कोल्बीचा चेहरा पांढरा पडला. आपला पाय बोलतो हे त्याला कळलंच नव्हतं.

"म्हणजे माझ्यामुळे? सगळे सामने?"

"सगळे नाही. पण पुष्कळ. आता ऐक. उद्या दुपारपर्यंत तू जाऊन कोचना सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन. पण तुझ्या आधी जाऊन सांगणं मला आवडणार नाही."

सोमवारी अकराच्या सुमाराला शिवणखोलीच्या दाराशी कुणीतरी खाकरलं. ब्रुसार उभा होता, टोपी हातात घेऊन. एकतीस वर्षांत तिथे एकही कोच आला नव्हता. कपडे यायचे, फार तर खेळणारी मुलं यायची.

"मिस विल्मा? आत येऊ का, मॅडम?"

"या. त्या खुर्चीवर सुया आहेत, बघून बसा."

"कोल्बीनं सगळं सांगितलं. रडला बिचारा. डॉक्टरांकडे पाठवलाय त्याला." तो जपून बसला. "मी सामन्यांच्या कॅसेटी डोळे लाल होईपर्यंत पाहिल्या हो. काहीतरी फुटतंय हे मला कळत होतं. पण आमचा कॅमेरा छपरावर. तिथून सगळी मुलं बटाट्यांसारखी दिसतात. पाय कुठले दिसायला! तुमची वही बघू का?"

तासभर तो वही वाचत राहिला, मध्येच बोट ठेवून मागची पानं उलटत. मग ती मिटून म्हणाला, "आता माझं सांगा. मी कसा आहे? गावाचं मत माहीत आहे मला. तुमचं सांगा."

विल्मानं दोरा दातानं तोडला. "डाव छान लावता तुम्ही. पहिल्या डावात पेरलेलं पाचव्या डावात उगवतं, असं मी इथे बघितलेलं नाही."

"पण?"

"पण चूक झाली की घाबरता. आपल्या माणसाच्या हातून चेंडू सुटला की पुढचे तीन डाव अगदी जपून, काठी टेकत चालल्यासारखे. सहा सामन्यांत नऊ वेळा. पानं दुमडून ठेवली आहेत."

ब्रुसारनं मान खाली घातली. तोडून बोलले की काय, असं तिला वाटलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता.

"माझी बायको हेच म्हणते. फक्त तिच्याकडे आकडे नाहीत."

गुरुवारी कॅफे भरून गेलं होतं. विल्मा उभी राहिली आणि तिनं वही वाचून दाखवली: धावा किती, फेकी किती, हुलकावण्या किती. शेवटी म्हणाली, "दोष मला सापडला आहे. तो डाव सांगणाऱ्याचा नाही. गेल्या वीस वर्षांत या कॉलेजला मिळालेला हा सगळ्यात हुशार माणूस आहे. दोष कशाचा ते शनिवारपर्यंत सांगणार नाही, कारण या भिंतींना कान आहेत आणि ते परवाच्या सामन्यातल्या ग्रँट काउंटीपर्यंत पोचतात."

"हा कसला निकाल?" गेलर्ड उसळला.

"तुला निकाल हवा होता, की तुझ्या मनासारखा निकाल हवा होता?"

डोरीन काउंटरमागून मोठ्यानं हसली आणि मग बाकीचेही हसले. गेलर्डनं कॉफीत नाक घातलं.

शनिवारी समोर ग्रँट काउंटीचा संघ होता, जुना वैरी. डॉक्टरांनी कोल्बीला पट्टा बांधून मोजके बारा डाव खेळायची परवानगी दिली होती. हिवाळ्यात शस्त्रक्रिया ठरली होती. ब्रुसारनं ते बारा डाव सगळ्यात आधी वापरले. पहिल्याच डावाला कोल्बीनं डावा पाय वीतभर मागे ठेवला. आधी जिंकलेल्या संघांकडून ही खूण ग्रँट काउंटीवाल्यांपर्यंतही पोचली होती. ते फेक अडवायला मागे पळाले, आणि वॉर्डेलचा खेळाडू चेंडू घेऊन मोकळ्या रानातून गेल्यासारखा मधून निघून गेला. तेवीस यार्ड. पुढच्या वेळी कोल्बीनं बोटं मातीत रोवली. ते सगळे पुढे धावले, आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून गेला. बारा डावांत चेंडू दोनदा शेवटच्या रेषेपार गेला, दोन टचडाऊन झाले. बारावा डाव संपवून कोल्बी लंगडत बाहेर आला, तेव्हा त्याचे आईबाबा बाकावर चढून टाळ्या वाजवत होते.

तिसऱ्या सत्रात मात्र वॉर्डेलच्या हातून चेंडू सुटला. ग्रँट काउंटीनं तो उचलून पार पळवत नेला आणि फरक एका गुणावर आला. विल्मानं दुमडायला पान धरलं. आता ब्रुसार जपून खेळणार, दहाव्यांदा. खाली त्यानं कानावरचा हेडफोन काढला, तोंड पुसलं आणि परत चढवला. चेंडू पुन्हा हातात आला तो आपल्याच टोकापासून वीस यार्डांवर. पहिलाच प्रयत्न. चेंडू उंच गेला, लांब गेला, लोकांच्या माना वळत गेल्या, आणि पार पलीकडे वॉर्डेलच्या एका पोरानं तो छातीशी धरला.

विल्मा यार्ड लिहायला विसरली. त्या ओळीत तिनं एकच शब्द लिहिला: धीट.

वॉर्डेल एकतीस-वीसनं जिंकलं. उठताना गेलर्ड तिच्या रांगेत आला, टोपी मागेपुढे करत. "बरा आहे माणूस," तो पुटपुटला.

"मला काय सांगतोस? खाली जा आणि त्याला सांग."

आणि गेलर्ड गेला. सगळ्यांदेखत कुंपण ओलांडून त्यानं ब्रुसारचा हात हातात घेतला. काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही, पण हात बराच वेळ सोडला नाही.

हंगाम काही थोर झाला नाही. उरलेल्या चारांपैकी तीन जिंकले, एक हरले. पण हंगामाअखेरच्या जेवणाला, चिलीची तिखट राजमा-आमटी आणि दालचिनीचे रोल वाढले जात असताना, ब्रुसार उठून म्हणाला, "मला आजवर पुष्कळांनी शिव्या दिल्या आणि थोड्यांनी शाबासकी दिली. सगळं तपासून निकाल दिला तो एकीनंच. मिस विल्मा, उभ्या राहा." खेळाडूंनाच मिळतो तो निळा कोट त्यानं तिच्या खांद्यांवर घातला. कुबड्या घेतलेल्या कोल्बीनं अशी शिट्टी मारली की ताटं थरथरली. ओमाहाहून आलेली मुलगी डोळे पुसत म्हणाली, "आई, तुला एवढं कळतं हे कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस, बाळा."

पुढच्या वर्षी ब्रुसारनं तिला छपरावरच्या काचेच्या खोलीत, कोचांच्या शेजारी जागा दिली. ती एका सामन्याला बसली आणि परत खाली आली. वर आवाज येत नाही, म्हणाली. तीन वर्षांनी तो मोठ्या कॉलेजात गेला. अजून रविवारी कधीमधी त्याचा फोन येतो, आणि विल्मा टीव्हीवर पाहिलेल्या त्याच्या सामन्याची वही त्याला वाचून दाखवते, चुकांसकट.

वॉर्डेलला नवा माणूस आला. त्याच्या पहिल्याच सामन्यात दोन डाव फसले आणि मागून कुणीतरी ओरडलं. पण ओरडणारा मध्येच थांबला, आणि आजूबाजूच्या तीन रांगांतली माणसं वळून विल्माकडे बघायला लागली. गेलर्डनंच विचारलं, "काय गं, कसा वाटतो?"

विल्मानं पेन्सिलीला टोक काढलं. "सहा डाव झालेत, गेलर्ड. खाली बस, मला दिसत नाही."