गणपत हवालदाराचा कौल

हे मी आजवर कुणाला बोललो न्हाई. बायकोला, हौसाला न्हाई, लेकीला न्हाई. हौसाला जाऊन आता तीन महिने झाले, लेक तिच्या घरी परत गेली, घरात मी आणि चूल. शाळा चौथीपर्यंतच झाली, म्हणून अक्षर वाकडं हाय, तेवढं समजून घ्या. बाकीचं समजून घ्या असं म्हणत न्हाई.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं, तवाची गोष्ट. मिरजेत आमच्या तालमीची फुटबॉलची टीम होती आणि मी तिचा कप्तान. दिवसभर रेल्वेच्या यार्डात खलाशी, सांजच्याला मैदानात बॅक. कप्तान म्हटलं की पानाच्या दुकानातबी लोक सरकून जागा द्यायचे. ती जागा — हां, त्या जागेवर मी येतोच.

सांगलीच्या सामन्यात आमी पाच गोल खाल्ले. तालमीच्या पंचांनी ठरवलं, आता शिकवणारा माणूस पाहिजे. कुस्तीला वस्ताद असतो, तसा फुटबॉलला वस्ताद. आणि माणूस तर माझ्याच नात्यातला — हौसाचा थोरला भाऊ, गणपत हवालदार. पलटणीच्या टीममधून खेळलेला, नुकताच सुटून आलेला. आईबाप लवकर गेले, हौसाला त्यानंच वाढवली होती. त्याला तालमीची माडी राहायला देणार, जेवण पंचांच्या घरी वारानं. म्हणजे एवढ्या वर्षांनी भाऊ दोन गल्ल्यांवर. ती किती हरखली होती! आडावरच्या सगळ्या बायांना सांगून झालं होतं.

पण गणपत लय तापट. आठ दिवस बघू म्हणून त्याला मैदान दिलं, तर पहिल्याच दिवशी गोलकीपरच्या कानाखाली वाजवली. तिसऱ्या दिवशी रेफ्रीच्या अंगावर शिट्टी फेकली. आणि मला तर सगळ्या टीमसमोर म्हणाला, "घरात दाजी. हितं तू नुसता सुस्त बॅक. बॉल आला की पाव्हणे बघायला आल्यावाणी लाजतोस!" पोरं हसून लोळली. दुसऱ्या दिवसापासून मला पाठीमागं 'नवरी' म्हणायला लागली. मीबी हसलो होतो. दाखवायला.

मग पंच बसले. पेंडीचे व्यापारी होते ते म्हणाले, "गोलकीपर माझा पुतण्या. परत त्याला हात लावला तर मी गप बसायचा न्हाई." दुसरे एक म्हणाले, "दिवस वाईट हायत. मैदानात सगळ्या गल्ल्यांची पोरं. ह्याची एक चापट आणि गावात आग." ते काय खोटं होतं? न्हाई. पण सतारी करणारे इब्राहिमभाई सुपारी कातरता कातरता बोलले, "आवं, शिव्या देतो, पण सगळ्यांना सारख्या देतो. त्यात जातपात बघत न्हाई. असा दुसरा माणूस दाखवा मला." सगळे हसले. तरी हात वर केले तर दोघं इकडं, दोघं तिकडं. पाचवे पंच म्हातारे होते, त्यांनी स्वतःवर घेतलंच न्हाई. म्हणाले, भैरोबाला विचारू.

तालमीची रीतच ती. अडलं की कौल. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. देवाच्या उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नको. गाभाऱ्यात फक्त गुरव आणि ओलेत्यानं कप्तान. बाकी सगळे मंडपात, तिथनं मूर्ती दिसायची न्हाई. इब्राहिमभाईबी पायरीवर बसलेले — तालमीचा देव म्हणजे त्यांचाबी.

रविवार होता. गणपत खांबाला टेकून उभा, गळ्यात शिट्टी. हौसा बायांच्या बाजूला, हातात नारळ, डोळे मिटलेले. आत मी आणि गुरव. गुरवाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समईचा उजेड तेवढा त्याला दिसायचा, कळी न्हाई. हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. दर वेळी तो मला हळूच विचारायचा आणि मी खरं तेच सांगायचो. त्या दिवसापर्यंत.

आता लिहितो. किती फिरलो बघा एवढ्यासाठी.

कळी पडली. लगेच पडली, वाट बघायलासुद्धा लागली न्हाई. उजवी. माझ्या पायाशी येऊन थांबली. गुरवानं विचारलं, "कुठली रं?"

मी म्हणालो, "डावी."

आणि पडलेली उजवी कळी पायाखाली दाबली. देवाच्या गाभाऱ्यात. कशासाठी? पोरांना मार बसंल म्हणून? गावात भांडणं होतील म्हणून? पुढं कुणी विचारलं असतं तर मी तेच सांगितलं असतं, आणि लोकांना पटलंबी असतं. पण खरं तसं न्हाई. गणपत पंचांना आधीच बोलला होता, "मला ठेवलं तर पहिला दाजीला बाहेर बसवणार." तेवढंच. पानाच्या दुकानातली ती जागा.

गुरवानं आतूनच हाळी दिली, "डावा कौल!" मला वाटलं, आता हा मंडप डोक्यावर घेणार. तसं व्हायला पाहिजे होतं. पण गणपतनं गळ्यातली शिट्टी काढली, म्हाताऱ्या पंचांच्या हातात दिली आणि म्हणाला, "देव न्हाई म्हणतोय तर मी कोण?" त्या माणसाला मी आयुष्यात एकदाच एवढ्या हळू बोलताना ऐकलं.

आठवड्यात तो गेला. कर्नाटकात खाली कुठंतरी कॉफीच्या मळ्यावर राखणदार म्हणून. दोन कार्डं आली. मग येईनात. हौसानं किती कार्डं टाकली — लिहायचो मीच, तिला लिहिता येत नव्हतं. "देवाची माफी माग, मग तू परत ये," असं ती सांगायची आणि मी तसंच लिहायचो. ह्या हातानं. तो जिता हाय का मेला, ते आजवर कळलं न्हाई.

आमची टीम? पुढच्या सालीबी हरली. कप्तान मीच होतो.

हौसाच्या मनानं घेतलं की भावाच्या हातनं लढाईत काहीतरी पाप झालंय, म्हणून देवानं त्याच्याकडं पाठ फिरवली. त्याच्यासाठी तिनं रविवार धरला. सबंध दिवस पाण्यावर. दोन जिवांची होती तवाबी, ताप असला तवाबी. मी म्हणायचो, अगं सोड आता. कसं म्हणत होतो मी? शेवटी दवाखान्यात पडली होती, तर मला विचारते, "आवं, माझ्या दादानं असं काय केलं असंल हो?" खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिला ऐकू येत होतं. मला बोलता येत होतं.

मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणालो, "नीज."

आज रविवार हाय. मी भाकरी खाऊन हे लिहायला बसलो.