मशीनचा सहावा सेल

चहा ठेवा बाजूले, नाहीतर ठसका लागन. माह्या हातून जे होऊन बसलं, ते ऐकून अर्धं दारव्हा आठ दिवस हसलं. मीही सांगतो तेव्हा अर्ध्यापर्यंत हसतच सांगतो. पुढचं तुमचं तुमी पाहा.

माहं मोटार वायंडिंगचं दुकान, तुमाले माहीतच आहे. दिवसभर हातात बारीक तार. एक वेढा चुकला तं मोटार जळते. म्हणून मोजण्यात आपण एकदम पक्के, असं मी गिऱ्हाइकाले सांगत असतो. गिऱ्हाईकही मान हलवते बिचारं.

माहे बाबा बत्तीस वर्षं जिनिंगात होते. कापसाच्या मशिनींच्या त्या खडखडाटात त्याइचे कान गेले. दोन वर्षांमागं माय वारली, तेव्हापासून ते आमच्याकडं. एका शिबिरात त्याइले कानामागं लावायची मशीन भेटली. तिले गोल सेल लागते, शर्टाच्या गुंडीएवढा. एका कार्डावर सहा सेल, प्रत्येकावर पिवळं स्टिकर. स्टिकर काढलं का सेल चालू, अन् आठ-दहा दिवसात खल्लास. बाबाची बोटं जाड, वरून थरथरतात. त्याइच्यानं तो सेल काही बसत नाही. ते काम माहं.

त्या दिवशी सकाळी बाबा नवं कार्ड घेऊन माह्यामागं फिरून राह्यले होते. "सेल संपला रे. टाकून दे ना."

मले एका जणाची मोटार द्यायची घाई. त्याच्या वावरात ओलिताचं पाणी खोळंबलं होतं. मी हातानंच दाखवलं, नंतर. ते पुन्हा आले. मी पुन्हा हात दाखवला. मग गेले आपले मागच्या अंगणात, कार्ड घेऊन.

अर्ध्या तासानं चहा प्यायले घरात आलो. पाहतो तं काय? माही पोट्टी चिऊ, तीन वर्षांची, दारात फतकल मारून बसली. हातात ते कार्ड. कार्डातली एक खळगी रिकामी. अन् कपाळावर ते पिवळं स्टिकर, टिकलीसारखं चिकटवलेलं.

"चिऊ, यातला सेल कुठं गेला?"

चिऊ हसली.

"खाल्ला काय?"

"हो."

"गिळला?"

"हो."

"पोटात गेला?"

तिनं फ्रॉक वर करून पोट दाखवलं. आता तुमीच सांगा, बापानं अजून कोणता पुरावा मागावा?

मी जो ओरडलो, तो पाच घरं गोळा झाली. माही बायको वैशाली कणकेच्या हातानं धावत आली अन् पोरीच्या तोंडात बोटं घालू लागली. कोणी म्हणे केळं चारा, केळात गुंडाळून खाली येते. कोणी म्हणे भाताचे गोळे द्या, बिना चावता. एका काकूनं तं चिऊले उलटं धरून पाठीत थापट्या मारल्या. चिऊले वाटलं आज काहीतरी सण आहे. तिसरं केळं संपल्यावर म्हणते, "आणखी."

हसून राह्यले ना? हसा, अजून हसायची जागा आहे.

गलबला पाहून बाबा अंगणातून आत आले. "काय झालं?" मी त्याइच्यासमोर कार्ड नाचवलं, चिऊच्या तोंडाकडं बोट दाखवलं, मग पोटाकडं. सेल संपला होता ना, मग खाणाखुणाच करा लागते. बाबा मटकन खाली बसले.

"माही चूक झाली," ते म्हणे. "कार्ड मीच ठेवलं तिच्याजवळ."

मी त्याइच्याकडं पाह्यलंही नाही.

आमच्या इथल्या डॉक्टरनं इचारलं, "काय खायला दिलंत?" मी म्हटलं केळं. "किती?" तीन, अन् भात. डॉक्टरनं एक मिनिट डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "आता पाणीसुद्धा देऊ नका. तडक यवतमाळला न्या. असा सेल अन्ननलिकेत अडकला, तर तासा-दोन तासात आतून जाळायला लागतो."

जाळायला, हा शब्द ऐकला अन् मी चिऊले उचलून छातीशी धरलं. माहं सारं आयुष्य जळालेल्या मोटारी उघडून पाहण्यात गेलेलं. आतमध्ये काय होते ते मले माहीत आहे.

शेजारच्या सुरेशची जीप काढली. मागच्या सीटवर मी, वैशाली अन् मांडीवर चिऊ. बाबाले कोणी चला म्हटलं नाही. ते आपलेच समोर सुरेशच्या बाजूले येऊन बसले. चिऊ खिडकीतून बैल मोजत होती. एक, दोन, पाच. मी दर दोन मिनिटानं तिच्या छातीले कान लावून पाहत होतो. तिथं काय ऐकू येणार? पण लावत होतो.

भेव मोठं वाईट असते भाऊ. त्याले कोणाच्या तरी अंगावर सोडा लागते. समोर बाबाचं डोकं दिसत होतं, दुपट्टा गुंडाळलेलं.

"घरात लहान लेकरू आहे, एवढी अक्कल नाही बुढ्याले," मी सुरू झालो. "आपला सेल, आपली मशीन, तं सांभाळून ठेवा ना. याले आता थोरल्या भावाकडं पाठवून देऊ केळापूरले. दोन वर्षं मी पाह्यलं, आता त्यानं पाहावं."

वैशाली म्हणे, "हळू बोला ना. समोर बसले आहेत ते."

"बसू दे. त्याले काय ऐकू येते? मशीन बंद आहे त्याची. सेल तं पोरीच्या पोटात आहे."

सुरेशनं आरशातून माह्याकडं पाह्यलं अन् गाणं लावलं, मोठ्या आवाजात. तेवढी समज होती त्याले. मी त्याच्यावरच घसरलो. "माह्या पोरीचा जीव चालला अन् तुले गाणी सुचून राह्यली? बंद कर ते." त्यानं बंद केलं.

आता पुढचं वाक्य मी कोणाले सांगत नाही. हसणारे इथपर्यंतच ऐकून जातात. तुमाले सांगतो.

मी म्हटलं, "माय गेली अन् हा राह्यला. उलटं झालं असतं तं बरं झालं असतं."

वैशालीनं तोंडावर पदर घेतला. बाबा खिडकीतून बाहेर पाहत होते, त्याइनं मान वळवली नाही. कानाजवळ हात नेला अन् दुपट्टा सारखा केला. मले वाटलं वारा लागत असन.

यवतमाळले एक्स-रे काढणारा माणूस मोठा हसतमुख. चिऊले उभं करता करता त्यानं इचारलं, "काय गं, काय गिळलं? सेल?"

"हो."

"हत्तीही गिळला काय?"

"हो."

तो माह्याकडं वळून म्हणे, "भाऊ, तुमची पोरगी कशालेच नाही म्हणत नाही." मले त्याचा असा राग आला, का त्याच्याच मशीनखाली त्याले घालावं.

फोटो आला. डॉक्टर मॅडमनं उजेडावर धरला, वरून खाली पाह्यला, पुन्हा पाह्यला. "काहीच नाही हो इथे. पोट भरलेलं आहे फक्त. कार्ड आणलंय का?"

मी दिलं.

"यात किती होते?"

"सहा."

"आता पाच आहेत. म्हणजे एकच कमी आहे. मग आजोबांच्या मशीनमध्ये कोणता आहे?"

"त्यात काही नाही मॅडम," मी म्हटलं. "सकाळपासून बंद आहे ते. त्याइले काहीच ऐकू येत नाही."

मॅडमनं आवाज जराही वाढवला नाही. बाबा दारापाशी उभे होते, त्याइले तिथूनच म्हणाल्या, "आजोबा, मशीन चालू आहे का तुमची?"

"चालू आहे बाई," बाबा म्हणे. "सकाळी नातीनंच टाकला सेल. बारीक बोटं आहेत तिची, एका झटक्यात बसवला. मग कार्ड तिच्याजवळच राह्यलं. मले वाटलं, मागून तिनं दुसरा खाल्ला असन."

पोरगी वाचली. मनात पहिले हेच आलं अन् मी मॅडमच्या टेबलावर डोकं टेकून लहान लेकरासारखा रडलो. वेढे मोजणारा माणूस, सहातून एक वजा करता नाही आला मले. मॅडमही हसल्या, वैशालीही रडता रडता हसली. दुसरी गोष्ट माह्या डोक्यात शिरायले चार-पाच मिनिटं लागली. मशीन सकाळपासून चालू होती. म्हणजे जीपमध्ये चालू होती.

मी बाबाकडं पाह्यलं. ते चिऊच्या कपाळावरचं स्टिकर नखानं काढून राह्यले होते.

परत येताना जीपमध्ये सुरेशनं गाणं लावलं तं मी बंद करा लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाची पिशवी दारात. दोन धोतरं, मायचा फोटो, मशीनची डबी. मी इचारलं, कुठं निघाले? तं म्हणे, "केळापूरले. तूच म्हणत होता." रागानं नाही बोलले. जसं मी सांगतलेलं काम करून राह्यले, तसं बोलले. मी पाया पडलो असतो तं थांबले असते काय? मले नाही माहीत. मी पिशवी उचलून गाडीपर्यंत नेऊन दिली, एवढंच सुचलं मले.

चिऊ अजून रोज इचारते, आबाच्या मशीनले आता सेल कोण टाकते. काय सांगू तिले?

चार महिने मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राह्यलो. मागच्या रविवारी गेलो. थोरला वावरात होता. बाबा टिनाच्या सावलीत बाजेवर बसले होते, डोक्याले, कानाले दुपट्टा गुंडाळून. मी पाया पडलो अन् समोर बसलो.

"बाबा, मी चुकलो. त्या दिवशी जीपमध्ये मायचं जे बोललो, ते माह्या मनातलं नव्हतं."

बाबा समोर रस्त्याकडं पाहत राह्यले. मले वाटलं मशीन काढलेली असन. जरा मोठ्यानं म्हटलं. तरी तसेच. मग मात्र मी उभा राह्यलो अन् जेवढा दम होता तेवढा लावून ओरडलो. "बाबा, मी चुकलो. मले माफ करा."

अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. समोरच्या घरची बाई तुरीची दाळ वाळत घालत होती, तिथूनच म्हणे, "भाऊ, आमी तं केलं माफ. आता बुढ्याच्या कानात जाऊन सांग."

तेव्हा बाबानं दुपट्टा सोडला. मशीन कानावरच होती.

"पहिल्याच बारीले ऐकू आलं रे मले," ते म्हणे. "जीपमधलंही पहिल्याच बारीले ऐकू आलतं."

मग त्याइनं मशीन काढली, डबीत ठेवली, डबी खिशात टाकली अन् मले म्हणे, "जाय आता. साडेतीनची गाडी चुकन तुही."