पंधरावा रकाना

अकरा जून, मंगळवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी माझी खात्री पटली की आमच्या तलासरी शाखेच्या ग्रंथपालांइतका पद्धतशीरपणे चुकणारा माणूस उभ्या जिल्ह्यात दुसरा नसावा. त्या क्षणी मी त्यांच्या कार्डांचा पहिला खण उघडला होता. इंजिनदुरुस्तीचे पुस्तक ‘मशीन काळा धूर टाकते (आगर)’ या विषयाखाली, जमीन महसुलाचा कायदा ‘आईचं नाव सातबारावर चढत नाही (सरावली)’ याखाली. लेखकाचे नाव तळाशी, जागा उरली असेल तरच. वाचक ज्या शब्दांत पुस्तक मागे, तेच शब्द ते त्याच्या गावासह उतरवून घेत. एका निवृत्त गुरुजींनी प्रकाशकासह अचूक नाव सांगितले, तर यांनी त्यांना बसवून विचारले, “ते कळलं हो गुरुजी, पण अडलंय काय?” अर्ध्या तासाने झोप येत नसल्याचे कबूल करून गुरुजी परसबागेचे पुस्तक घेऊन गेले.

मी रसायनशास्त्राकडून ग्रंथालयशास्त्राकडे आलेली. डहाणूच्या मुख्य ग्रंथालयात बसून मी सर्व शाखांची योजना आखली होती: पुस्तकाची नोंद एकदाच व्हावी, सर्वांनी तीच वापरावी, मोठ्या ग्रंथालयात तयार मिळाली तर तिथूनच घ्यावी. रकाने चौदा. योजना वेळेत पुरी झाली तर बढती माझी होती. तलासरीच्या ग्रंथपालांनी पंधरावा रकाना मागितला, ‘लोक काय म्हणून मागतात’. तयार नोंदींत तो नसतो, असे मी सांगितले.

“मॅडम, पुस्तकांची नावं सगळ्यांना ठाऊक असती, तर मला पगार कशाला दिला असता?”

मी हसले नाही. ते निवृत्त झाले त्याच आठवड्यात, नोंदी संगणकावर आल्याने कार्डे निरुपयोगी ठरली आहेत, असा तीन ओळींचा आदेश मी सहीनिशी काढला. खण रद्दीत गेले, बढती मिळाली. मग संगणकाने निष्फळ शोधांची यादी दिली आणि मी ती ओळीने वाचत गेले: मशीन धूर, शून्य पुस्तके, आईचं नाव सातबारा, शून्य पुस्तके. पुस्तके तिथेच, तीन हातांवरच्या कपाटात होती. बाहेरच्या नोंदी मी हजारोंनी वापरल्या. घरातली एकही नाही.

आता रकाना आहे. दर शनिवारी बसने झाईला, त्यांच्या गावी जाते, त्यांच्या ओट्यावर बसून एकेका पुस्तकाचे नाव वाचून दाखवते, आणि ते आठवतील ते शब्द लिहून घेते. त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते. गेल्या खेपेस दोन पुस्तके चटकन जुळली. तिसऱ्याला ते अडले.

“एक बाई यायची याच्यासाठी. चेहरा दिसतोय, मॅडम. काय म्हणायची, ते गेलं.”

मी तो रकाना कोरा ठेवला. एकूण नोंदी सहा हजार दोनशे बारा. पंधरावा रकाना भरलेल्या, एकशे सेहेचाळीस.