कानबाईची फिल्म

माझा चुलतभाऊ अमेरिकेत सिनेमा शिकायला लागला तेव्हा आमच्या शहाद्याच्या घरात सगळ्यांची छाती फुगली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. ते दुखणं बरीच वर्षं टिकलं. आज त्यावर लिहायला बसले आहे म्हणजे अजूनही ते पुरतं गेलेलं नसावं.

खरं तर त्याला सिनेमासाठी पाठवलंच नव्हतं. साठ सालानंतरचे दिवस होते. केळीला पाणी देणारी इंजिनं आणि पंप यांतलं काही शिकून यावं म्हणून मोठ्या काकांनी थोरल्या मुलाला तिकडच्या विद्यापीठात धाडलं होतं. वर्षभरात पत्र आलं की विषय बदलला आहे, आता सिनेमा घेऊन पदवी करणार. काकांनी ते पत्र माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. आठवडाभरानं ते बाजारात सांगायला लागले, की पोरगा फिल्मचं इंजिनिअरिंग करतो आहे. इंजिनिअरिंग म्हटल्यावर कुणाची पुढे विचारायची टाप नव्हती.

माझा जळफळाट उगाच नव्हता. आम्ही दोघं एका वर्षाच्या अंतराचे. लहानपणी घरातली मंडळी एस.टी.नं नंदुरबारला सिनेमा बघायला जायची, तेव्हा हा मध्यंतराच्या आधीच खुर्चीत घोरायला लागायचा. मी मात्र डोळे ताणून बसायची. दुसऱ्या दिवशी कापसाच्या वेचणीला गेले की बायकांना अख्खा सिनेमा सांगायची. नायिका कोणत्या दारानं आली, तेव्हा उजेड कुठून पडत होता, कुणाचा नुसता हात दिसला आणि चेहरा नंतर, सगळं सांगायची. बायका वेचायच्या थांबून "मंग? फुडे?" करायच्या. हाही बांधावर बसून ऐकायचा आणि संध्याकाळी मित्रांना तोच सिनेमा स्वतः पाहिल्यासारखा सांगायचा.

मॅट्रिकला मला त्याच्यापेक्षा चांगले मार्क होते. अमेरिका सोडाच, मी धुळ्याच्या कॉलेजचं नाव काढलं तर आई म्हणाली, "तू आंडेर शे. तू काय करशी तठे जाईसन?" आंडेर म्हणजे मुलगी. मुलीनं तिकडे जाऊन करायचं काय, एवढ्यावर माझं कॉलेज संपलं.

त्याची पत्रं वाचून दाखवायचं काम माझंच. काकांना चष्म्यानंही अक्षर दिसत नसे आणि थोरल्या काकूंना, म्हणजे आमच्या मोठी मायला, वाचता येत नसे. ओसरीवर सगळे गोळा व्हायचे आणि मी कोरड्या ठाक आवाजात वाचायची. वर्गात हा एकटाच परदेशी. बाकीच्यांनी लहानपणापासून घरात बापाचा कॅमेरा हाताळलेला, आणि यानं पहिल्याच आठवड्यात फिल्म भरताना झाकण उघडं ठेवून सगळी वाया घालवली. मुलं हसली. फिल्मचे तुकडे कापायचे आणि चिकटवायचे, पुन्हा कापायचे, असं दिवस दिवस अंधाऱ्या खोलीत बसून करायचं. एका पत्रात त्यानं लिहिलं होतं, की सर एखादा प्रसंग आवाज बंद करून दाखवतात आणि विचारतात, हा तुम्ही घेतला असता तर कॅमेरा घेऊन कुठे उभे राहिला असता? मला सुचतच नाही, असं त्यानं पुढे लिहिलं होतं.

मला सुचत होतं. त्यानं प्रसंग लिहिला होता आणि तो वाचता वाचताच मला कळत होतं, की मी दाराच्या आत उभी राहिले असते, चुलीच्या बाजूला. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की पुढची ओळ दिसेना. मोठी माय म्हणाली, "काय व्हयनं, वाच ना!" मी वाचलं. सगळ्यांना तब्येतीची काळजी घ्यायला सांगितलं होतं.

तिसऱ्या वर्षी तो उन्हाळ्याच्या सुटीत घरी आला. तिकडची सुटी आपल्या श्रावणापर्यंत चालते. बरोबर विद्यापीठाचा कॅमेरा होता. स्वतःच्या घरावर एक छोटी फिल्म करून न्यायची होती, तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून होतं. त्यानं कानबाई निवडली. बरोबरच निवडली, हे मला तेव्हाही मान्य होतं आणि म्हणूनच जास्त राग आला.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ घालून, पातळ नेसवून देवी सजवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाजतगाजत पाण्यावर न्यायची. तिचा प्रसाद म्हणजे रोट. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू आणि हरभऱ्याची डाळ घ्यायची, ते सगळं एकत्र दळायचं आणि त्याचे रोट करायचे. ते कुळातल्या माणसांनीच खायचे. भाऊबंद कुठेही असोत, त्या दिवशी घरी येतात. आमच्या घराची कडक रीत अशी, की परक्यानं रोट खायचे तर नाहीतच, बघायचेही नाहीत. तो अमेरिकेत असतानासुद्धा दर श्रावणात त्याच्या नावाची मूठ निघत होती आणि काकांच्या पाठोपाठ निघत होती. माझ्या नावाची मूठ कधीच नव्हती, कारण बाईच्या नावानं मूठ नसते. रोट भाजायला मात्र बायकाच.

तर फिल्म काढायला परका माणूस चालणार नव्हता. आणि पूजेला पाटावर बसायचं थोरल्या मुलानं, म्हणजे त्यानंच. दोन्ही एकट्याला कसं जमणार? त्यानं धाकट्या भावाला कॅमेरा दिला तर तो डोळा लावायच्या जागी हनुवटी लावून बघत होता. मग त्यानं मला हाक मारली. माझं लग्न ठरलं होतं पण झालं नव्हतं. म्हणजे मी अजून घरचीच होते.

"हाई चावी दे, हाई दाब. हात हालवू नको," तो म्हणाला.

कॅमेरा चावीचा होता. एकदा चावी दिली की जेमतेम अर्धं मिनिट चालायचा. वजनाला पाण्यानं भरलेल्या तांब्याएवढा. डोळा लावला आणि आमचा तोच चौक, रोज झाडलेला, मला चौकटीत बसलेला दिसला. मला एकदम रडू आलं. इतकी वर्षं हा हे करत होता आणि पत्रात तब्येतीची काळजी घ्या म्हणून लिहीत होता!

पूजा त्यानं सांगितली तशी घेतली. तो पाटावर, समोर कानबाई, मागे काका. मग फिल्म थोडी उरली. मी चौकात वळले. बायका रोट भाजत होत्या आणि वरून उन्हाचा पट्टा थेट परातीवर पडला होता. मी मोठी मायच्या शेजारी खाली बसले आणि नुसते तिचे हात घेतले. पिठातले, बांगड्या मागे सारलेले. चेहरा घेतला नाही. एक रोट तव्यावर टाकताना मोडला, तिनं तो चटकन जोडला आणि इकडेतिकडे बघावं तसे तिचे हात क्षणभर थांबले. तेवढ्यात चावी संपली.

फिल्म तो बरोबर घेऊन गेला. ती तिकडेच धुतली जाणार होती. मी काय काढलं ते मला दिसलंच नाही. त्याच हिवाळ्यात माझं लग्न झालं आणि मी नंदुरबारला सासरी गेले. सासरची माणसं चांगली होती, तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. पण भाकरी थापताना माझ्या डोळ्यांपुढे ते हात यायचे आणि वाटायचं, एकदा, फक्त एकदा ते पडद्यावर बघायला मिळावेत. मला जमलं होतं की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. या एका गोष्टीसाठी मी त्याच्या येण्याची वाट बघत होते. त्याच्यासाठी नव्हे.

पदवी घेऊन तो आला तो मार्गशीर्षात, सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरली होती तेव्हा. यात्रेचं निमित्त सांगून मी माहेरी आले. तो अंगानं भरला होता आणि मराठी बोलताना मध्येच अडत होता. चहा पिता पिता सहज म्हणाला, "तुझा तो हातांचा तुकडा आमच्या सरांनी परत परत लावून बघितला. वर्गात टाळ्या पडल्या."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? फिल्म माझीच होती ना." त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. हेच मला सहन होईना. वाकडं असतं तर भांडता तरी आलं असतं.

त्यानं धुळ्याहून प्रोजेक्टर मागून आणला होता. घरात वीज नुकतीच आली होती. दुपारी मधल्या खोलीच्या खिडक्यांवर घोंगड्या लावल्या, भिंतीवर धुतलेलं धोतर ताणलं. मी सगळ्यांच्या आधी जाऊन पुढे बसले. तेवढ्यात मोठी माय दारात आली.

"तू भाईर बठ, माय," ती म्हणाली. आवाज अगदी मायेचा. "यामा रोट शेतस. तू आते दुसरा घरनी शे."

मला आधी हसूच आलं. मग दिसलं की ती थट्टा करत नाही; लग्नानंतर मी दुसऱ्या घरची, म्हणजे रोटांना परकी. मी म्हटलं, अमेरिकेत सगळ्या वर्गानं बघितलं त्याचं काय? ते काय आपल्या कुळातले होते?

तिनं जरा विचार केला. "त्यासले रोट काय नि भाकर काय, काय समजस? तुले समजस." म्हणजे त्यांना कळत नाही म्हणून त्यांनी बघितलं ते बघितल्यात जमा नाही. मला कळतं म्हणून मी बघायचं नाही. मी चुलतभावाकडे पाहिलं. तो वायर उलगडत होता. "मोठ्यांपुढे मी काय बोलू," असं काहीतरी पुटपुटला. चार वर्षं तो तिकडे काय शिकला कोण जाणे. आई खाली मान घालून बसली होती. ती त्या घरची सून, ती आत. गेल्या वैशाखात आलेली धाकट्याची बायको, जिला आमच्या विहिरीचं पाणी अजून मानवत नव्हतं, तीही आत. मी उठले.

मी ओट्यावर जाऊन बसले. मोठी मायनं माझ्यासाठी ताटलीत गूळ-शेंगदाणे पाठवले. मी त्याला शिवले नाही. दार लोटलेलं होतं, पण आतला खर्र आवाज येत होता आणि बोलणंही येत होतं. कानबाई दिसल्यावर सगळ्यांनी हात जोडले असावेत, कारण बांगड्या वाजल्या. काका खाकरले. मग कुणीतरी ओरडलं, "देख, मोठी मायना हात!" आणि खोलीभर हसू फुटलं. रोट मोडला तेव्हा पुन्हा हसले. मोठी मायचा लाजरा आवाज आला. म्हणजे जमलं होतं.

आतून काकांनी विचारलं, "पूजामा तर तू सोताच दिखी ऱ्हायना. मंग हाई काढं कोनी?"

"घरनाच माणूसनी काढं," तो म्हणाला. "परकं कोनी नव्हतं."

सगळ्यांचं समाधान झालं. फिल्म पुन्हा लावा म्हणून गलका झाला आणि त्यानं ती पुन्हा लावली.

त्याचा हेवा मी जन्मभर केला, पण त्या दुपारी ओट्यावर मला त्याचा हेवा वाटला नाही. हेवा वाटला तो आत चौकात, मोठी मायच्या शेजारी, डोळ्याला कॅमेरा लावून बसलेल्या त्या मुलीचा. तिला कुणी ऊठ म्हणालं नव्हतं.